तीन वाजताचं ऊन

हिंदवाडीत, आमच्या पुढच्या अंगणात
प्लास्टिकच्या हिरवळीला भाकरीएवढं भोक.
मी ते फटाक्यांवर घातलं होतं;
दिवाळीपासून शेजारच्या पोरांशी बोललो नव्हतो.

इरण्णा ढवळी उकिडवा बसला,
वितळलेली पाती चिमटीत चुरडली.
"फटाका न्हवं ओ. काच."
चहा घेतला, तीन वाजेपर्यंत थांबला,
आणि समोरच्या नव्या खिडकीवरून
उन्हाचा एक चौकोन रस्ता ओलांडून आला,
बरोब्बर भोकात बसला.

मग त्याने टाकीमागचा तुकडा कापला,
लव कुठल्या अंगाला निजते ते तळहाताने पाहून.
पोराला कानडीत मापं सांगितली, मला मराठीत भाव.
खाली पट्टी, गम, वरून बारीक वाळू, उलटा ब्रश.
वडगावात वीस वर्षं माग चालवलेला हात.
सांधा शोधायला मला चष्मा लागला.

रंग मात्र गडद.
"विटंल की उन्हानं, दोन वर्सांत."

आणि ती खिडकी?
"जुनं लुगडं बांधा तारेवर."
बायकोने आणलं. त्याने उलगडलं,
काठ बोटांत धरून जरा थांबला,
काही बोलला नाही.

मी शेजारच्या फाटकापाशी गेलो.
धाकट्याचं नाव आठवेना.