सूचक, अनुमोदक

बैठक पाचची होती. उन्हं कलेपर्यंत सहा वाजले,
आणि जमलो पाचच. गणपूर्तीला दोन कमी.
इसाक पिंजारी म्हणाला, लंगडीला धरा की,
आणि त्या बोक्याला. झाले सात.
इतिवृत्तात खोटं लिहीत नाही मी.
सात लिहिलं.

जिनिंगचं जुनं गोदाम, पारोळ्याच्या बाहेर,
महामार्गापासून दोन शेतं आत.
भिंतींना अजून सरकीचा वास,
पत्रे रात्री दहापर्यंत तापलेले.
बाहेरून आलेलं प्रत्येक कुत्रं आधी जमीन हुंगतं,
मग फरशीचा थंड तुकडा शोधून पोट टेकतं.

पुढल्या वर्षाचं कलम एक : शस्त्रक्रियेचं टेबल.
पाचोऱ्याचं एक प्रसूतिगृह बंद झालंय, अर्ध्या किमतीत देतात.
डॉक्टर हेमांगी बडगुजर म्हणाल्या,
ज्या टेबलावर एवढी गावं जन्मली
तिथं आता आपण जन्म थांबवायचे.
कुणी हसलं नाही.
तीनशे कुत्र्या, दीडशे मांजरी, कानाला खाच.
मी आकडे लिहिले, वाक्य लिहिलं,
वाक्य खोडलं. आकडे राहू दिले.

कलम दोन : लसींसाठी स्वतःचा फ्रिज, इन्व्हर्टरसकट.
सध्या लस डेअरीत असते, ताकाच्या पिशव्यांमागे,
आणि लाइट गेली की डेअरीवाला आधी ताक वाचवतो.

कलम तीन : गाडी.
आज आहे ती इसाकची रिक्षा.
रात्री बायपासवर ट्रकनं उडवलेलं जे काही जिवंत असेल
ते गोणपाटावर घालून तो आणतो,
सकाळी सीट धुतो, आणि त्याच सीटवर
बालवाडीची सहा पोरं.
फिनाईलचा वास आला की पोरं विचारतात,
काका, आज कोण होतं?
तो रंग सांगतो. पिवळं. काळं-पांढरं.
वाचलं का, ते विचारत नाहीत.

पाण्याच्या कुंड्या साठ. नथ्थू कुंभार ऐकत होता, म्हणाला,
बठ्ठा सांगतस पानी ठेवा,
रोज कोन भरी, ते कोन्ही सांगत नही.
यावर चर्चा झाली. बरीच झाली.
साठाच्या पंचवीस झाल्या,
पंचवीस घरांची नावं लिहून.

मांजरींचं कलम नेहमी शेवटी येतं,
तोवर चहा झालेला असतो, घड्याळं बघणं सुरू होतं.
तेव्हा दारात चंद्रभागाबाई शिंपी.
सभासद नाहीत. वर्गणी कधी दिली नाही.
अकरा मांजरी, दोन खोल्या, वय अठ्ठ्याहत्तर.
उभ्यानंच म्हणाल्या,
मन्हा मांगे यास्नं काय?

आमची योजना पाच वर्षांची.
लंगडी तेरा वर्षांची.
त्यांचं सर्वात लहान पिल्लू वीस दिवसांचं,
निभावलं तर पंधरा वर्षं जगेल.
मी पोस्टात चौतीस वर्षं व्याज मोजलं,
हा हिशोब मला कुणी शिकवला नव्हता.

कापडाच्या बिलामागे त्यांनी नावं लिहून आणली होती :
चिंधी, बटन, अस्तर, काजं,
दोघी सुया, एक मोठी, एक बारीक,
आणि पुढची पाच, जी वाचता आली नाहीत
कारण शाई घामानं पसरलेली.
मी म्हटलं, सांगा, लिहितो.
त्या सांगत गेल्या. प्रत्येकीची खोडही.
अस्तर दूध पीत नाही. बटनला गडगडाटाची भीती.
ठरावाच्या भाषेत हे कसं बसवायचं?
तसंच लिहिलं.

सूचक : चंद्रभागाबाई.
अनुमोदक म्हणून नाव हवं होतं.
सगळे एकमेकांच्या खोल्या मोजत होते मनात,
मीही मोजत होतो. माझ्या दोन आहेत, वर गच्ची.

तेवढ्यात इसाकचा फोन वाजला.
बायपास, पेट्रोल पंपापाशी, तपकिरी, श्वास चालू.
त्यानं गोणपाट उचललं. डॉक्टर हात धुवायला गेल्या.
लंगडी तीन पायांवर फाटकापर्यंत गेली,
जिथून डांबर सुरू होतं तिथं नेहमीसारखी थांबली.

बैठक तहकूब.
शिल्लक चार हजार तीनशे बारा, चहा वजा जाता.
चंद्रभागाबाई अजून बसून होत्या.
मी रकान्यात माझं नाव घातलं,
आणि विचारलं,
बारीक सुई, ती काय खाते?