जोतं

घर बांधायला मला आता कुणी बोलावत नाही.
जोतं वर घ्यायला बोलावतात.
सेमारांगच्या धक्क्यामागे, तांबाक लोरोकच्या गल्ल्यांत विचारा:
कास्मुरी गवंडी? तोच ना,
जो छपराला हात न लावता घर बुटकं करतो?

बू वागिराचं घर, चौथी खेप.
तीन ट्रक माती, एक ट्रक विटांचा चुरा,
वरून शिंपल्यांची दोन पोती. ती फुकट,
इथे शिंपल्यांना तोटा नाही.
शिलाई मशीन तिनं पलंगावर चढवलंय,
कोंबडी खिडकीत.
खिडकी आता गुडघ्याला लागते.

पाणी दुपारचं येतं. इथे त्याला रोब म्हणतात.
वारा नाही, ढग नाही,
लख्ख उन्हात मोरीतून उलटं वर येतं,
घरचाच असल्यासारखं.
आधी चपला तरंगतात,
मग माणसं उठतात.

वादळाचं वेगळं.
त्या डिसेंबरात उधाण धक्का ओलांडून आलं,
सकाळी मासळीबाजारातला वजनकाटा
मशिदीच्या पायरीवर सापडला,
पारडं रिकामं,
काटा चार किलोवर अडकलेला.

खांबासाठी खोदलं तर
मागच्या खेपेची पांढरी फरशी लागली,
तिच्याखाली विटांचा थर, त्याखाली माझाच जुना कोबा,
आणि कोब्यात एक पाऊल,
पाचही बोटं नीट उमटलेली.
ओल्या सिमेंटवरून पळाला होता तिचा तार्जो,
मी थापी उगारली होती.
आता तो समुद्रभिंतीच्या कामावर आहे.
उंचापुरा. आईच्या दारात
कपाळाला टेंगूळ घेऊन जेवायला बसतो.

म्हणतो, भिंत पुरी झाली की समुद्र बाहेर.
आणि पाऊस? तो तर आतच पडणार.
पंप आहेत.
वीज गेली तर?
तो घास चावत राहतो.
पोरगा वाईट नाही. भिंतही वाईट नाही,
मी जाऊन पाहिली, ओळंब्यात आहे.

मापं घ्यायला आलेल्या बाईंनी एकदा विचारलं होतं,
पाणी चढतंय की जमीन खचतेय?
म्हटलं, बाई, मला दोन्हीची मजुरी सारखीच.
त्या हसल्या, लिहून घेतलं.
मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

वागिरा म्हणाली, ते पाऊल बुजवू नकोस.
तेवढाच खड्डा ठेवला तर
पाणी आधी तिथेच साचेल, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली.
त्या जागी माती मी हातानं लोटली,
फावड्यानं नाही.

संध्याकाळी नवा उंबरठा बसला.
चौकटीचं वरचं लाकूड माझ्या भुवईशी.
मजुरी दिली तिनं, कागदात दोन सुके मासे,
आणि विचारलं, पुढच्या खेपेला?
पुढच्या खेपेला छप्पर उतरवावं लागेल.
ते करतोस तू?
केलं नाही कधी.
बघू, शिकेन.

बाहेर पडताना वाकलो.
गल्लीतही, डोक्यावर नुसतं आभाळ असताना,
बरीच पावलं
तसाच वाकून चाललो.