शिरगणती

वेताळ टेकडीवर दर रविवारी
मुलं मोजायचं काम माझ्याकडे असतं.
पोस्टात छत्तीस वर्षं काढली, मोजायची सवय आहे,
आणि पाखरांची नावं येत नाहीत, म्हणून
यास्मिनबाईंनी मला रांगेच्या शेपटाला ठेवलंय.
पायथ्याशी सत्तावीस.
खाणीच्या काठाशी सत्तावीस.

निम्मी गोखलेनगरची, महापालिकेच्या शाळेतली,
निम्मी बावधनच्या सोसायट्यांतली,
ज्यांच्या आयांनी बाटलीला, डब्याला, टोपीलासुद्धा
नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात.
फेब्रुवारी. गवत पोत्याच्या रंगाचं.
गणेर बोडका, आणि शेंड्याला एकच पिवळंजर्द फूल,
कुणीतरी न्यायचं विसरल्यासारखं.
"काका, जंगल कधी येणार?"
जंगलात उभं राहून एकजण विचारतो.

यास्मिनबाईंचा नियम एकच: नाव शेवटी.
आधी बघा. मग वास घ्या. मग कान द्या.
नाव कळलं की मुलं पान उलटतात, म्हणतात त्या.
म्हणून कांडोळाच्या पांढऱ्या खोडाला
एकेकाने गाल टेकवून पाहिला.
गार आहे, म्हणाली एक.
दुसरी म्हणाली, आजोबांच्या टकलासारखं,
आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
टिटवी ओरडली तेव्हा मात्र सारे गप्प झाले,
गप्प म्हणजे पुण्याच्या मानाने गप्प,
खालून पौड रस्त्याचे हॉर्न येतच होते.

उतरताना सव्वीस.

पुन्हा मोजले. सव्वीस.
रजिस्टर पत्र गहाळ झालं की पोटात काय होतं
ते मला ठाऊक आहे.
हे त्याच्याही खाली होतं.
धापा टाकत मागे गेलो, हाका मारत,
करवंदीच्या जाळीत सदरा अडकला, फाटला,
आणि खडकाच्या आडोशाला दिसला सुयश लोणकर,
पालथा, हनुवटी मातीत,
नवी टोपी बाजूला फेकलेली, चिठ्ठीसकट.

रागवायला तोंड उघडलं.
"काका, सावली बाजूला घ्या," तो म्हणाला,
मान न वळवता.

मी घेतली.
मग गुडघे टेकले, मग कोपर, मग पोट.
धुळीत बोटाच्या पेराएवढा खड्डा, नरसाळ्यासारखा,
काठावर एक मुंगी,
चढतेय, घसरतेय, चढतेय,
आणि तळातून कुणीतरी
तिच्यावर चिमूट चिमूट धूळ उडवतंय.
किती वेळ, सांगता येणार नाही.
पुढे यास्मिनबाईंची शिट्टी वाजत होती,
ती आमच्यासाठी आहे हे दोघांनाही कळत होतं.

मुंगी गेली.
म्हणजे खाली गेली.
तो रडला नाही, हसलाही नाही.
"त्याला दिवसाला एक पुरते का?"
मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.
मोठ्या माणसाने असं सांगितलेलं
त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं,
कारण उठताना त्याने मला हात दिला.

फाटकाशी त्याच्या आईने विचारलं,
काय काय दाखवलं रे आज?
"काही नाही," म्हणाला,
आणि खिशातली धूळ गाडीच्या सीटवर सांडत
खिडकीजवळ जाऊन बसला.
मी वहीत लिहिलं: सत्तावीस, पोच.

सोमवारी सकाळी दूध आणायला निघालो.
पार्किंगमध्ये केसकरांची स्कूटर,
चार वर्षं एकाच जागी उभी.
तिच्याखाली झाडू पोचत नाही.
सहज वाकलो,
मग सहज म्हणता येणार नाही इतका वाकलो.
एक, दोन, पाच,
अकरा खड्डे.

"काका पडले! काका पडले!"
वॉचमन बिराजदार काठी टाकून धावत आला.
हाताने खूण केली, ओरडू नकोस.
तो उभा राहिला, बघत, माझ्याकडे, स्कूटरकडे.
"काय हरवलंय, काका?"
"बस," म्हटलं.
"पण सावली बाजूला घे."