वेस्टेज

बॅग आमची विकतची नाही.
बाहेरून नापास चादर, दुहेरी शिवलेली,
आत मामाच्या कारखान्यातलं वेस्टेज:
तुटकं सूत, कात्रणं, थोडी वाळू.
विडी घरकुलात जिन्याखालच्या हुकाला लटकते
आणि एप्रिलात सकाळी सहालाच घामेजते.

यल्लप्पा सर म्हणतात, ढकलू नको गं, मार.
हात गेला तसा परत आला पाहिजे,
धोट्यासारखा.
तीस वर्षं माग चालवला त्यांनी. डावा कान त्यातच गेला.
उजवा पुढे करून ऐकतात
माझा जॅब.

महिन्याभरात वेस्टेज खाली बसतं.
वर पोकळ, बुडाशी दगड.
मग उसवायची, उपसायची, पुन्हा भरायची.
आई विड्यांचं सूप बाजूला सारून
दाभण घेते. बोलत नाही.

काल तिसऱ्या राउंडला
शिवण माझ्या मुठीनंच उकलली.
जिनाभर भुगा, नाकात, पापण्यांवर,
आणि एका कात्रणावर मोराची मान,
एक धागा चुकलेली.

आईनं ती उजेडाला धरली.
"बाबांच्या मागावरची?" मी विचारलं.
तिनं ती परत आत कोंबली, अगदी मधोमध,
टाका घातला, दातानं दोरा तोडला.
"कोट्टु," म्हणाली.
मार.