निचरा

मशीन मधेच थांबलं. पडद्यावर एक अक्षर, दोन आकडे,
तळाशी वाटी बुडेल एवढं
तेलकट, करडं पाणी.
शाल्मलीनं कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा.
हुबळीहून माणूस येणार, गुरुवारी,
नाहीतर त्याच्या पुढच्या गुरुवारी.
मग ती आतल्या खोलीत गेली, तिची बंगळूरची मीटिंग होती.

मी फरशीवर बसले, मशीनच्या पोटाला कान लावून.
खडेबाजारात आमचं मोटर भरायचं दुकान होतं.
एकवीस वर्षं तिथं तांब्याच्या तारेचे वेढे मोजले,
मोजणी चुकली की हे नुसतं खाकरायचे.
जळलेली मोटर गप्प असते.
ही गुणगुणत होती, दात-ओठ खाऊन.
म्हणजे वीज पोचतेय, जीव आहे,
पाय तेवढा कशात तरी अडकलाय.

आधी प्लग काढला.
(तो आधी काढायचा असतो. यांच्या डाव्या अंगठ्याला विचारा.)

तेवढ्यात लगमव्वा आली, केरसुणी हातात.
"नीरु होगवल्दु?"
"होगवल्दु," मी म्हटलं.
तिचं मराठी अनगोळच्या नाक्यापर्यंत,
माझं कन्नड भाजीमंडईपर्यंत,
मधल्या रस्त्यावर आम्ही चौदा वर्षं भांडतोय.

मगानं पाणी काढलं, उरलेलं जुन्या बनियननं टिपलं.
जाळी डावीकडं फिरवली, निघाली.
आत मोहरी, कढीपत्त्याचा देठ, एक चिंचोका.
एवढ्यानं मोटर अडत नाही.

यांचा मीटर बिस्किटाच्या डब्यात होता, काट्याचा.
त्यातला सेल फुगून गेलेला,
म्हणून भिंतीवरच्या घड्याळातला काढला.
तिकडं काटा थांबला, इकडं हलला,
दीडशेच्या जरा पुढं.
कॉइल शाबूत.

दोघींनी मशीन आडवं केलं. लगमव्वानं धरलं,
मी पंपाचं टोपण उघडलं
आणि हात तिथंच राहिला.
पंख्याच्या दांड्यावर भांडी घासायची तारेची चोथरी
उकलून गुंडाळलेली, वेढ्यावर वेढा,
शेजारी शेजारी, एकसारखा,
इतका नीट मला कधीच भरता आला नाही.

आमच्या घरात मशीन आल्यापासून चोथरी नाही.
मी वर बघितलं. लगमव्वानं पदर तोंडाला लावला होता.
"सगळी नाही, अक्का. तळ तेवढे.
दुधाचं पातेलं, तवा. याला करपलेलं निघतंय व्हय?
पाव्हणं उलटं करून बघितलं तर नाव कुणाचं?"

भांडी सुटल्यापासून तिचा पगार निम्मा होता.
पाच महिने झाले त्याला.
शाल्मली उठायच्या आत ती तळ घासून
एकेक भांडं मशीनमध्ये उपडं घालत होती,
आणि शाल्मली चारचौघांत मशीनचं कौतुक करत होती.

चिमट्यानं तार सोडवली. उलट्या बाजूनं,
एक एक वेढा, सवयीनं मोजत. सत्तावीस.
टोपण लावलं, जाळी लावली, प्लग घातला, बटण दाबलं.
आधी खाकरलं ते.
मग मोरीच्या पाइपातून घळघळ.
"होतु!" लगमव्वा म्हणाली, "नोड, अक्का, होतु!"
तिच्या भाषेत होतु म्हणजे गेलं.
माझ्या भाषेत होतं म्हणजे होतं.
दोन्हीतलं कुठलं कानावर पडलं कुणास ठाऊक,
मी थोडा वेळ त्या डब्याकडं बघत बसले.

शाल्मली बाहेर आली, कानातलं यंत्र काढत.
"अय्या! काय झालं होतं?"
मी मूठ उघडली.
"चिंचोका," म्हटलं.
दुसरी मूठ पदराखाली होती.

सेल घड्याळात परत घातला,
ते पन्नास मिनिटं मागं पडलं होतं.
हुबळीच्या माणसाला येऊ नको म्हणून अजून कळवलेलं नाही.
पगाराचं मात्र आजच बोलायचंय,
जेवणं झाली की,
भांडी आत जायच्या आधी.