उघाडी

जुबैलला जुलैत रात्री बारा वाजताही अडतीस.
लॅबमध्ये अठरा.
आईनं धाडलेलं खोबरेल
बाटलीत पांढरं, खडूसारखं.

आज एक मेम्ब्रेन फाडायचं होतं.
चौथ्या रांगेतलं सातवं,
मांडीएवढं जाड, घट्ट गुंडाळलेलं.
समुद्र त्यातून जाईनासा झाला म्हणून
शाहुलनं करवत धरली, मी टोक.
उलगडलं, तर पदरापदरात
काकवीसारखा चिकट थर.

इंजिनीअर दोसरींनी दारातूनच विचारलं, किती?
म्हटलं, मोजण्यापलीकडे.
क्लोरीन?
क्लोरीन यांच्याआधी मेम्ब्रेनलाच खातो, साहेब.
ते गेले.

थेंबभर काचेवर घेतला.
जिवाणू दिसतात. त्यांचं पटल दिसत नाही,
नुसती कड दिसते.
दोन पदरी चरबी,
डोकी पाण्याकडे, शेपट्या पाण्यापासून तोंड लपवून,
जाडी पाच नॅनोमीटर.
आमच्या मेम्ब्रेनची हमी पाच वर्षांची,
खाली दोघांच्या सह्या.
याची तीन अब्जांच्या वर झाली असतील,
आणि सही कुणाचीच नाही.

उरणला आमचं मिठागर होतं.
भरतीला बांधाला खांड पडली
की बापूस कमरेइतक्या चिखलात उतरून
पेंढा नि माती कोंबायचा.
«पयला बांद गलतोच,» म्हणायचा,
«गलला तरी बांद असाचा.
उघाडी मंग बसवायची.»

तसंच झालं असावं.
आधी नुसती चरबी, गळकी,
आत-बाहेर फारसा फरक नाही.
मग आतलं थोडं आत राहू लागलं.
मग कधीतरी, फार उशिरा,
एकेका क्षारासाठी एकेक दार,
उघडणारं, मिटणारं,
आणि मिठाला बाहेर हाकलणारे पंप.
हे मी पुस्तकातून सांगतोय.
बापूस अंदाजानं सांगायचा
आणि बहुधा बरोबर असायचा.

एक गोष्ट मात्र मला अजून झोपू देत नाही.
पटल कुणी नव्यानं केलेलं नाही.
वाढतं, मधे चिमटतं, दोन होतात.
विरजणातून विरजण,
पण मधे एकाही घरी
भांडं धुतलेलं नाही.
काचेवरची ही कड
त्या पहिल्या गळक्या बांधाचाच लांबलेला तुकडा.
आणि माझ्या गालाच्या आतलीसुद्धा,
कुठल्या वळणानं आली ते अजून भांडतात.

नोंदवहीत लिहिलं:
जैविक थर, मध्यम. रांग चार धुवावी.
मध्यम हा शब्द दोसरींना आवडतो.

थंडी पडली की हे जिवाणू
शेपट्यांना वाक देतात,
म्हणजे चरबी थिजत नाही, दारं अडकत नाहीत.
खोबरेलाला ते जमत नाही.
अकरा वर्षांत मलाही
फारसं जमलेलं नाही.

दोनला आम्ही बाटली घेऊन
मागच्या लोखंडी जिन्यावर बसलो.
पंपांचा आवाज, पलीकडे काळं आखात,
रेलिंगवर मिठाचा पातळ पापुद्रा.
आधी कडा सुटल्या,
मग मधला पांढरा गोळा
बाटलीत तरंगू लागला.
शाहुलनं तळहात पुढे केला.