वाइंडिंग

नंबर वाढला की तार बारीक होते,
नवख्याला हे पटत नाही.
मला सातवीतच पटलं,
अंबडला मामाच्या दुकानात
जळक्या मोटारी उघडता उघडता.
चाळीस वर्षं वेढ्याला वेढा चिकटवत आलो.
मध्ये केसभर फट दिसली
तर मामा सगळं पुन्हा उलगडायला लावायचा.

एस्तेर साळवे शरणपूरहून रिक्षाने आल्या,
पाण्याचा पंप मांडीवर घेऊन.
सिव्हिलच्या ऑपरेशन थिएटरातून रिटायर झालेल्या.
पैसे देताना म्हणाल्या,
ही जुनी तार मला द्याल का?
काय करता?
झाडं बांधते.

गच्चीवर सतरा कुंड्या.
त्यातला एक उंबर
कुठल्याशा मोरीच्या भिंतीतून उपटलेला,
दीड वीत उंच,
खोड मात्र म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं.
"फांदीच्या एक तृतीयांश जाडीची तार घ्या.
बारीक घेतलीत तर फांदी ऐकत नाही.
जाड घेतलीत तर
ऐकायला फांदीच उरत नाही."

मोहाडीच्या मेव्हण्याने
द्राक्षाच्या मांडवाची तार पाठवली होती, भेंडोळंभर, फुकट.
बाईंनी परत केली.
ती ओझं पेलायची तार, वळण द्यायची नव्हे.
ॲल्युमिनियम मऊ, चूक पोटात घालणारं,
पण माझ्या हाताला परकं.
मी तांबंच घेतलं. अठरा नंबर.

रात्री दिवा घालवून शेगडीवर वार्निश जाळलं,
उजेडात तांब्याची लाली कळत नाही.
डाळिंबाच्या दाण्याचा रंग आला की बाहेर काढायचं.
गार झालं की तांबं लोणी,
पण एकदाच.
एकदा वाकलं की ताठरतं,
दुसऱ्यांदा विचारलंत तर नाही म्हणतं.
मामा तसाच होता.

पहिली फांदी मी बांधली
वेढ्याला वेढा लावून, चकचकीत, कंपनीचा माल.
बाई हसल्या नाहीत.
"मोटार नाही ही, जाड होणारं हाड आहे.
बँडेज पाहिलंय ना? तसं तिरपं जाऊ द्या,
निम्म्या काटकोनात.
आधी खोडाला विळखा, मग फांदी.
आणि वाकवताना तारेकडे बघू नका,
अंगठ्याखाली ऐका.
करकरलं की थांबा."

तीन रविवार गेले
दोन वेढ्यांमध्ये जागा सोडायला.
चाळीस वर्षं जिला चूक म्हटलं,
तीच जागा.

मग मुलीचं बाळंतपण निघालं, सांगलीला.
सात आठवडे.
बाईंचा तेव्हा मोतीबिंदू, डोळ्याला पट्टी.
परत आलो तर उंबरावर तार दिसेना,
साल दोन्हीकडून फुगून
तिला गिळत चालली होती.

मी पक्कड घेतली, टोक धरलं
आणि उलगडायला लागलो.
सवय. तांब्याचा भाव डोक्यात.
बाईंनी मनगट धरलं.
अजूनही थिएटरातली पकड.
"टाके उलगडतात का कधी? कापतात.
तार जाऊ दे भंगारात."

एकेक वेढा कापला.
तुकडे स्टीलच्या वाटीत पडत होते,
बाई प्रत्येक मोजत होत्या, आत काही राहायला नको म्हणून.
एकोणतीस.
मध्ये दोनदा पांढरा चीक आला,
त्यांनी तो बोटाने टिपला.
फांदीवर व्रण उरला, फिरत गेलेला,
बोल्टाच्या आट्यांसारखा.
जाईल?
"पाचेक वर्षांत. नाहीतर नाही."
मग म्हणाल्या, चहा ठेवू?

फांदी सोडली तिथेच थांबली होती.

परवा दुकानात
दीड एचपीच्या वाइंडिंगमध्ये एक फट सुटली.
पोऱ्याने दाखवली, घाबरत घाबरत,
त्याला वाटलं चूक त्याची.
चूक माझी होती.
उलगडलं, पुन्हा भरलं, घट्ट,
केससुद्धा जाणार नाही असं.
मग थोडा वेळ
हात मांडीवर ठेवून बसलो.